आधी गेट, मग खोली

बाबांनी आयुष्यात वाघ पाहिला तो आधी पेशवे पार्कात आणि नंतर कात्रजला. दोन्हीकडे गजांच्या आड. गेल्या दिवाळीत फराळाची बशी हातात धरून ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, "मोकळा वाघ तेवढा बघायचा राहिला." बाबांचं वय शहात्तर. कधी काही मागत नाहीत. त्यामुळे ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. भाऊबीज झाली त्याच रात्री मी ताडोबाची माहिती काढायला बसले.

बजेट ठरवून घेतलं होतं. आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी. रेल्वेचं भाडं आणि सफारीचे पैसे कमी होण्यातले नव्हते. हात आखडता घ्यायला जागा होती ती मुक्कामात. तीन रात्रींना सहा हजार, त्यापुढे एक रुपया नाही, असं वहीत लिहून ठेवलं. सहा हजारांत जंगलाजवळ नीट राहता येतं का, हे शोधण्यात माझे जवळजवळ दोन महिने गेले. त्यातला पहिला महिना मी उलट्या टोकाने सुरुवात केल्यामुळे वाया गेला.

मी आधी खोली शोधली. कुणीही तेच करेल. महाबळेश्वरला जाताना, गणपतीपुळ्याला जाताना आपण तेच करतो. मोबाईलवर फोटो चाळत गेले. एका ठिकाणी बांबूची झोपडी, पुढे हिरवळ, "ताडोबा कोअर गेटपासून दहा मिनिटं" आणि भाडं आमच्या आवाक्यातलं. शनिवार-रविवार धरून दोन हजार ॲडव्हान्स पाठवला आणि मग सफारीचं परमिट काढायला बसले. तेव्हा कळलं की त्या शनिवार-रविवारी मोहर्ली गेटला, म्हणजे खोलीजवळच्या गेटला, एकही जागा नाही. कोलारा गेटला होत्या. जंगल एकच, मग काय हरकत आहे, असं वाटून मी तिघांची नावं भरायला घेतली.

पैसे भरण्याआधी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला दाखवलं. तो दरवर्षी ताडोब्याला जातो. त्याने माझ्या हातातून माऊसच काढून घेतला. "ताई, खोली मोहर्लीला आणि गेट कोलारा? सकाळी सहाला कशा पोचणार?"

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, आणि बफर, म्हणजे त्याभोवतीचा गावं असलेला पट्टा, धरून १,७०० चौरस किलोमीटरांच्या वर पसरलाय. त्यातलं कोअर सुमारे ६२५. मोहर्ली दक्षिणेकडे, चंद्रपूरच्या बाजूला. कोलारा आणि नवेगाव उत्तरेकडे, चिमूरच्या बाजूला. नकाशावर मोहर्ली आणि कोलारा यांच्यात बोटभर अंतर दिसतं, कारण मधे जंगल आहे. पण जंगलातून आपली गाडी नेता येत नाही. बाहेरून वळसा घालायचा तर दोन तासांच्या वर जातात. पहाटेच्या सफारीसाठी रात्री तीनला निघायचं, तेही शहात्तर वर्षांच्या माणसाला घेऊन. मी खोलीवाल्यांना फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "होईल ना मॅडम, गाडी देतो की आपण." गाडीचे साडेचार हजार. खोली रद्द केली तर ॲडव्हान्स परत नाही. दोन हजार गेले. वाईट वाटलं ते पैशांचं तर होतंच, पण "कुठल्या गेटची सफारी आहे?" एवढा एकच प्रश्न त्याने बुकिंग घेताना विचारला असता तरी पुरलं असतं, याचं जास्त.

घरी सांगितलं तेव्हा बाबा रागावले नाहीत. "आधी लगीन कोंडाण्याचं," एवढंच म्हणाले. आमच्या गच्चीवरून सिंहगड दिसतो, त्यामुळे ही म्हण आमच्या घरात जरा जास्तच वापरात आहे. वहीचं पान उलटलं आणि वर लिहिलं: आधी परमिट, मग गेट, मग खोली.

दुसऱ्या खेपेला सफारीपासून सुरुवात केली. शनिवार-रविवारचा नाद सोडला. कोअर दर मंगळवारी बंद असतं. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, ते सगळंच बंद ठेवतात. तेव्हा चालू असतो तो बफर. मार्चच्या मध्यात बुधवारी सकाळी मोहर्ली गेटची कोअर सफारी मिळाली आणि गुरुवारी दुपारी आगरझरीची बफर सफारी. आगरझरी चंद्रपूरहून मोहर्लीला जाताना त्याच रस्त्यावर लागतं. म्हणजे दोन्ही सफारींना एकच मुक्काम पुरणार होता. एकदा गेट पक्कं झाल्यावर खोलीचा शोध अगदीच सोपा झाला. सगळ्या ताडोब्यातून निवडायचं नव्हतं, एका गावातून निवडायचं होतं.

मोहर्लीला एमटीडीसीचं निवासस्थान आहे, वनविकास महामंडळाचंही आहे. दोन्हीकडे आमच्या तारखांना तिघांची एक खोली मिळेना आणि दोन खोल्या परवडणाऱ्या नव्हत्या. खासगी रिसॉर्टवाले माणशी भाव सांगत, जेवणखाण धरून. एकाने माणशी साडेचार हजार सांगितले, एका रात्रीचे. मी आभार मानून फोन ठेवला.

मग मोह झाला चंद्रपूरच्या लॉजचा. स्टँडजवळ हजार रुपयांत तीन पलंगांची खोली, पंखा, गरम पाणी, खाली खानावळ. तीन रात्रींचे तीन हजार, म्हणजे बजेटच्या निम्मे. पण चंद्रपूर ते मोहर्ली तीसेक किलोमीटर, आणि पहाटे गेटवर पोचायचं तर स्वतःची गाडी हवी. गाडीवाल्याने एका फेरीचे, म्हणजे नेऊन आणायचे, सोळाशे सांगितले. दोन सफारींचे बत्तीसशे. बेरीज झाली सहा हजार दोनशे. वर पहाटे साडेतीनला उठायचं. लॉजच्या पाटीवरचा भाव आणि माझ्या खिशातून जाणारा भाव यांत हा फरक निघाला. सफारीची एक फेरी वाढली असती तर तो आणखी वाढला असता. जंगलाजवळची खोली महाग की स्वस्त हे गेटपर्यंतच्या प्रवासाचे पैसे मिळवल्याशिवाय ठरवू नये, असं माझं आता ठाम मत आहे.

राहता राहिले मोहर्ली गावातले होमस्टे. सहकाऱ्याने तीन नंबर दिले. पहिल्याकडे खोली मोकळी होती, पण संडास-बाथरूम अंगणाच्या टोकाला. पुण्यात असताना मला त्यात काही वावगं वाटलं नसतं. माझं बालपण वाड्यात गेलं आहे, तिथेही चौकातच जावं लागायचं. पण हे गाव बफरमधलं. रात्री-बेरात्री घरामागे वाघ-बिबट्या येऊन जाण्याची शक्यता तिथे खरीखुरी असते. बाबांना रात्री दोनदा तरी उठावं लागतं. एरवी ज्याला आपण चैन म्हणतो ती खोलीला लागून असलेली मोरी तिथे सुरक्षिततेची गोष्ट आहे. त्या माणसाने ते स्वतःहून सांगितलं, हे मात्र मला आवडलं. "आजोबा असतील तर माझ्याकडे नका राहू ताई, शेजारी विचारा," म्हणाला आणि शेजाऱ्याचा नंबरही दिला.

तो शेजारी म्हणजे आमचे नंतरचे यजमान. फोन उचलला तेव्हा मागे ट्रॅक्टर चालू होता. मी नाव सांगायच्या आधीच त्यांनी विचारलं, "परमिट कोणत्या गेटचं हाय जी?" तिथेच माझा निम्मा निर्णय झाला.

मी विचारलेल्या गोष्टी साध्या होत्या. कमोड आहे का, कारण आईला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. पलंग किती उंच. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का. पहाटे गेटवर कोण सोडणार. नाश्ता बांधून मिळेल का, कारण सफारीला निघताना पोटात चहाशिवाय काही नसतं. संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून खोली दाखवाल का, असंही विचारलं. मला वाटलं चिडतील. सातला त्यांचाच कॉल आला. त्यांनी मोबाईल घेऊन खोलीभर फिरवला. चुन्याने रंगवलेल्या भिंती, तीन लाकडी पलंग, जाळी लावलेल्या खिडक्या. बाथरूममध्ये जाऊन त्यांनी कमोड दाखवला आणि मी काही म्हणायच्या आत नळ सोडून दाखवला. पाणी आधी फुसफुसलं, मग धार लागली. "पाणी येते बरं का, नुसता नळ नाही बसवला," म्हणाले. गरम पाण्याचा गीझर नव्हता, चुलीवर तापवून बादलीने मिळणार होतं. खोलीचं भाडं तिघांत मिळून चौदाशे, जेवण माणशी दीडशे. तीन रात्रींचे बेचाळीसशे. गेटवर सोडायचे पैसे वेगळे नाहीत. पाचशे रुपये ॲडव्हान्स पाठवला. त्यांनी सांगितलं, आला नाहीत तर परत पाठवीन, फक्त आदल्या दिवशी कळवा.

सोमवारी रात्रीच्या गाडीने निघालो. मंगळवारी पोचायचं हे मुद्दाम ठरवलं होतं. कोअर बंद, त्यामुळे गावात गर्दी नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना एक रात्र पाठ टेकायला मिळते. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, ती तिकीट काढताना दर वेळी आठवते. एसटीने मात्र भरपाई केली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाबांना तिकीट नाही, आईला आणि मला अर्धं. नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवरून बुटीबोरी, जाम, वरोरा, भद्रावती करत चंद्रपूर, आणि तिथून मोहर्लीची एसटी. शेवटच्या टप्प्यात रस्ता जंगलातून जातो. पानगळ झालेल्या सागात मधेच पळस पेटल्यासारखे उभे होते. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. कंडक्टरने त्यांना विचारलं, "पहिल्यांदाच काय जी?" बाबा म्हणाले, "हो, पहिल्यांदाच."

खोली व्हिडिओत दिसली तशीच होती. एक गोष्ट मी विचारली नव्हती आणि ती नेमकी चांगली निघाली: खोलीचं दार अंगणात उघडत नव्हतं, त्यांच्या ओसरीत उघडत होतं. म्हणजे रात्री काही लागलं तर घरातल्या घरात हाक मारता येत होती. यजमानीणबाईंनी रात्री वांग्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचं वरण, भात आणि ज्वारीची भाकर वाढली. भाजीवर इतका सांबार पेरलेला की आईने विचारलं, "वहिनी, कोथिंबीर घरची का?" त्यावर त्यांना आधी कळेचना. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि आपण ज्याला सांबार म्हणतो ते इडलीबरोबरचं वेगळं, यावर दोघींचं बराच वेळ चाललं. आई एरवी परक्या घरात दोन घास खाऊन उठते. त्या रात्री तिने भाकरी मागून घेतली.

जेवण झाल्यावर मी गावात एक चक्कर मारून येते म्हटलं. यजमान उठून दारात आले. "अंधारात पायी नोका जाऊ जी. नाल्याकडं आठ दिवस झाले वाघीण फिरून राहिली." त्यांनी हे घाबरवण्यासाठी सांगितलं नाही. आपण जसं "सिग्नलला जरा जपून" म्हणतो तसं सांगितलं. मोहफुलं वेचायला पहाटे बाया जंगलात जातात, वाकून वेचताना माणूस जनावरासारखा दिसतो, आणि चंद्रपूर जिल्ह्यात अशी माणसं जातात, हेही सांगितलं. त्यांच्याच नात्यातली एक बाई गेली होती. बाबांनी हातातली सुपारी तशीच ठेवली. वाघ बघायला आलेल्या आम्हाला वाघाच्या शेजारी राहणं म्हणजे काय, ते त्या ओसरीवर पहिल्यांदा समजलं. रिसॉर्टच्या कुंपणाआड कुणी आम्हाला हे सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

पहाटे साडेचारला चुलीचा धूर खोलीत आला आणि मागोमाग गरम पाण्याची बादली. गेट घरापासून चालत दहा मिनिटांवर, तरी त्यांनी चालू दिलं नाही, पुतण्याची गाडी आणली. तिघांचे मोबाईल त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं, कारण कोअरमध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत. आधार कार्डं मूळची हवीत हे मला माहीत होतं, तरी त्यांनी गाडीत बसताना एकेक करून पाहून घेतली. बाबांच्या अंगावर स्वतःची घोंगडी टाकली. मार्च म्हणून आम्ही स्वेटर आणले नव्हते. उघड्या जिप्सीत पहिला तासभर दात वाजतात, ती घोंगडी नसती तर बाबांचं काही खरं नव्हतं.

त्या सकाळी वाघ दिसला नाही. गवे दिसले, रानकुत्र्यांची टोळी दिसली, भुत्याचं पांढरंफटक झाड दिसलं. रस्त्याच्या कडेने गोंड राजांच्या काळातले दगडी खांब उभे आहेत. त्यांतून दोर नेऊन घंटेने निरोप पोचवत असत, असं गाईडने सांगितलं. तळ्याकाठी तारूचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना मेलेला गावचा प्रमुख, तोच पुढे देव झाला आणि त्याच्या नावावरून ताडोबा, अशी तिथली श्रद्धा. बाबांनी जिप्सीतूनच हात जोडले.

परत आलो तेव्हा डब्यातले पोहे उरले होते ते आईने ओसरीवर बसून संपवले. दुपारी तिघंही गाढ झोपलो. हेही खोली गेटजवळ असल्यामुळेच. चंद्रपूरला असतो तर अजून रस्त्यातच असतो.

गुरुवारी आगरझरीला, उन्हं कलताना, चितळाचा कॉल, म्हणजे वाघ जवळ असल्याचा इशारा, ऐकू आला. जिप्सी थांबली. गाईडने बोट ओठांवर ठेवलं. बांबूच्या बेटातून वाघीण आली, रस्ता ओलांडला, मधोमध एकदा थांबून आमच्याकडे पाहिलं आणि पलीकडच्या गवतात शिरली. मिनिटभरही नसेल. बाबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की रात्रीपर्यंत वळ होते. बफर स्वस्त म्हणून मी ती सफारी जोडली होती आणि मनातून तिला दुय्यमच धरलं होतं. कोअर मिळालं नाही म्हणून बेत रद्द करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

एक तक्रार नोंदवायला हवी. दोन रात्री वीज गेली आणि इन्व्हर्टर पहाटे तीनच्या सुमाराला दमला. मार्चमध्ये निभावलं. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, तेव्हा त्या खोलीत कूलरशिवाय म्हाताऱ्या माणसांना ठेवणं बरं नव्हे. मी यजमानांना तसं तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, कूलर माळ्यावर आहे, होळीनंतर उतरवतो, पण वीज गेली की तोही गप्प. मोठी बॅटरी घ्यायची आहे, या मोसमाचे पैसे आले की बघतो. उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर हमखास दिसतो म्हणून जाणारे पुष्कळ असतात. त्यांनी विजेचं आधी विचारून घ्यावं.

शुक्रवारी सकाळी हिशेब केला. मुलीच्या शाळेच्या वहीचं पान फाडून यजमानांनी लिहिलं: खोली ४,२००. जेवणं आणि डबे मिळून २,६५०. पाण्याचे पैसे नाहीत, घोंगडीचे नाहीत, चार वेळा गाडी काढली तिचे नाहीत. त्यातून ॲडव्हान्सचे पाचशे वजा केले, त्याखाली रेघ मारली. मी गाडीचे म्हणून तीनशे वर ठेवले, ते त्यांनी पुतण्याला हाक मारून त्याच्या हातात दिले.

आई आत यजमानीणबाईंकडून लाखोळीच्या डाळीची पुडी बांधून घेत होती. बाबा ओसरीच्या पायरीवर बसून यजमानांना विचारत होते, "भाऊ, पावसाळ्यात बफर चालू असतं म्हणता ना? तेव्हा खोलीचं भाडं काय असतं?"